घेतली की नाही, हे डोक्याला विचारू नका

तुमच्या प्रश्नात तीन तक्रारी आहेत. दीड महिन्यापूर्वी सुरू झालेली ॲटोमॉक्सेटीन, म्हणजे एडीएचडीवरची (लक्ष टिकवणं अवघड करणाऱ्या विकारावरची) रोजची गोळी, फोनवर दोन गजर लावूनही आठवड्यातून तीन-चार दिवस घ्यायची राहते. गेल्या आठवड्यात एका सकाळी ती बहुतेक दोनदा घेतली गेली. आणि बायकोनं "घेतलीस का?" विचारलं की ठिणगी पडते. तिन्हींचं मूळ एकच आहे. ठरल्या वेळी ठरलेलं काम आठवणं, हाच एडीएचडीतला कच्चा भाग, आणि गोळी घ्यायला नेमकं तेच लागतं. कपाटाची किल्ली कपाटातच राहावी, तसं आहे हे. म्हणून 'आता नक्की लक्षात ठेवीन' हा उपाय बाद धरा. आठवण्याचं काम डोक्याकडून काढून फळीवर, डबीवर, दाराच्या खुंटीवर टाकायचं आहे.

आधी दोनदा घेण्याचं बघू, कारण धोका तिथे आहे. रोजचं काम यांत्रिक झालं की आजची सकाळ आणि कालची सकाळ डोक्यात एकच होतात. घेतल्याचं चित्र डोळ्यांसमोर येतं, पण ते कुठल्या दिवसाचं हे कळत नाही. अशा वेळी सरळ नियम: खात्री नसेल तर त्या दिवशी सोडून द्या. एक दिवस चुकल्यानं फारसं बिघडत नाही. दुहेरी मात्रेनं मात्र नाडी आणि रक्तदाब वाढू शकतो, मळमळतं. नक्की दोनदा घेतली गेली असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. आणि घेतलीच नाही अशी खात्री असेल, तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घेता येते. पण २४ तासांत एका दिवसाच्या मात्रेपेक्षा जास्त नाही, आणि कालची भरपाई आज कधीच नाही.

'घेतली का' याचं उत्तर डोळ्यांना दिसलं पाहिजे. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे पर्मनंट मार्कर. नवी स्ट्रिप आणली की लगेच तिच्या चांदीच्या बाजूवर प्रत्येक गोळीच्या मागे तारीख घाला: १२, १३, १४. नुसते वार लिहू नका. दहाच्या स्ट्रिपमध्ये सोमवार दोनदा येऊ शकतो आणि मग कुठला सोमवार हा नवा घोळ. तारखेखालचा फुगा फुटलेला असेल तर घेतली, नसेल तर राहिली. वाद संपला.

सात कप्प्यांची डबीही चालते, पण ती भरणं हेच एक विसरण्यासारखं काम आहे. तुमची डबी तीन आठवडे रिकामी ड्रॉवरमध्ये पडली आहे, त्याचं कारण हेच. डबी वापरायचीच तर एकसारख्या दोन घ्या. एक संपली की दुसरी आपोआप सुरू होते आणि पहिली भरायला पुरते सात दिवस हातात राहतात. गोळ्या सुट्या काढून भरू नका. स्ट्रिप कात्रीनं कापून एकेक गोळी पाकिटासकट कप्प्यात ठेवा, नाहीतर कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळी हवेत कॅप्सूल ओल धरते आणि चिकटते. त्यामुळे कप्पे मोठे बघून घ्या. कॅप्सूल उघडून पूड पाण्यात टाकायची नाही; ॲटोमॉक्सेटीनची पूड डोळ्यांत गेली तर झोंबते.

आता जागा. ड्रॉवर, बेडरूमचं कपाट, ऑफिसच्या बॅगेचा आतला कप्पा या तिन्ही जागा बाद. दिसत नाही ते एडीएचडीच्या डोक्यासाठी नसतंच. पण तुमच्या घरात चार वर्षांचं मूल आहे, म्हणजे ओट्यावर उघडंही ठेवता येणार नाही. वरच्या फळीवर, तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर, गॅसच्या वाफेपासून दूर अशी जागा शोधा आणि स्ट्रिप तुमच्या रोजच्या चहाच्या कपात उभी ठेवा. शेजारी नाही, कपातच. शेजारच्या वस्तूकडे डोळा आठवड्याभरात बघेनासा होतो. कपात असेल तर ती हातात घेतल्याशिवाय चहा ओतताच येत नाही.

इथे एक मेख आहे. ॲटोमॉक्सेटीन रिकाम्या पोटी घेतली की पुष्कळांना मळमळतं. मग काय होतं? स्ट्रिप कपातून निघते, 'नाश्ता झाला की घेतो' म्हणून टेबलावर जाते, आणि नाश्ता होईपर्यंत तिच्यावर पेपर येतो. चहा आणि नाश्ता यांच्यातल्या त्या वीस मिनिटांत तुमचे निम्मे दिवस बुडत असणार. तेव्हा मधलं अंतरच काढून टाका: फळीवर स्ट्रिपबरोबर केळं किंवा बिस्किटांचा पुडा ठेवा आणि उभ्या उभ्या कप, केळं, गोळी, पाणी असं एका दमात उरका. एवढ्याशा खाण्यावर मळमळत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी रात्रीच्या जेवणानंतर नेता येते का बघा. कुणाला या औषधानं झोप येते, कुणाची उडते, म्हणून हे परस्पर करू नका. पण माझं मत असं, की ज्या घरात सगळे रात्री एकत्र जेवतात तिथे जेवण हा सकाळच्या धावपळीपेक्षा पक्का खुंटा असतो.

तुमचे गजर का हरतात? सकाळी आठला गजर होतो तेव्हा तुम्ही बाथरूममध्ये असता, नाहीतर फोन हातात असतो. गजर बंद करायला एक सेकंद लागतो आणि त्याच पडद्यावर व्हॉट्सॲपचे सतरा निरोप असतात. 'घेतो' हा विचार तिथेच वाहून जातो. फोनऐवजी स्वयंपाकघरात लावायचं साधं डिजिटल घड्याळ त्या फळीवरच ठेवा. बंद करायला तिथे जावंच लागेल, आणि तिथे गेलात की कप समोर आहे. फोनच वापरायचा असेल तर एकच नियम पाळा: गोळी गिळेपर्यंत गजर बंद करायचा नाही, फार तर स्नूझ. औषधाच्या ॲपमध्ये 'घेतली'वर खूण करायची तीही गिळल्यावर. आधी खूण करून मग पाणी आणायला गेलेला माणूस पुष्कळदा पाणी पिऊनच परत येतो. दोन-तीन आठवड्यांनी गजराचा आवाज बदला, कान तो गाळायला शिकतात.

दुसरी चौकी दाराशी. गाडीची किल्ली जिथे अडकवता त्याच खुंटीला एक छोटी चेनची पिशवी लावा. तीत एक गोळी, कापलेल्या तुकड्यात, औषधाचं नाव आणि मुदत दिसेल अशी. घरून सुटलीच तर ऑफिसात नाश्त्यानंतर ती घ्यायची आणि संध्याकाळी पिशवी पुन्हा भरायची. ही पिशवी गाडीच्या डिकीत ठेवू नका, एप्रिल-मे महिन्यात तिथे भट्टी असते.

बायकोबद्दल. "घेतलीस का?" या प्रश्नाला तुम्ही डोक्यातून उत्तर देता, ते चुकतं, मग ती चिडते. तिला फळी दाखवून ठेवा. तिनं विचारायचं नाही, जाता-येता तारखेचा फुगा बघायचा आणि राहिलेला दिसला तर कप न बोलता तुमच्या हातात द्यायचा. घरात वडिलांची बीपीची गोळी नाश्त्यालाच असेल तर दोघांनी एकत्र घ्या. फक्त डब्या वेगळ्या रंगाच्या हव्यात.

घसरण कधी होते ते आधीच ओळखून ठेवा: रविवार, उपवास, गणपतीत गावी. तिन्ही वेळा चहाची वेळ किंवा नाश्ता हलतो. उपवासाला केळं चालतं, प्रश्न नाही. गावी जाताना कपही बरोबर न्या. हसू येईल, पण खुणेची वस्तू तीच असली की हात आपोआप चालतो. आणि २१ दिवसांत सवय लागते या बोलण्यावर जाऊ नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या अभ्यासात रोजची साधी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, माणसामाणसांत १८ ते २५४ असा फरक होता, आणि मधला एखादा दिवस चुकल्यानं फारसं अडलं नाही.

साठा संपणं हे न घेण्याचं दुसरं मोठं कारण. शेवटच्या स्ट्रिपला रबरबँड लावून ठेवा. रबरबँड काढायची वेळ आली की त्याच मिनिटाला मेडिकलवाल्याला फोन, कारण ही औषधं प्रत्येक दुकानात नसतात. मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीवरचं दुसरं औषध घेणाऱ्यांनी तर दोन स्ट्रिप आधीच हालचाल करावी. ते अंमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याखाली येतं, चिठ्ठीशिवाय मिळत नाही. त्यांची चुकलेल्या गोळीची गणितंही वेगळी आहेत: उशिरा घेतली तर रात्री झोप येत नाही, म्हणून 'किती वाजल्यानंतर घ्यायची नाही' ती वेळ डॉक्टरांकडून चिठ्ठीवरच लिहून घ्यावी. एडीएचडीत कधी दिलं जाणारं क्लोनिडीन चालू असलेल्यांनी मात्र खंड पडूच देऊ नये, अचानक बंद झाल्यास रक्तदाब उसळतो.

पुढच्या भेटीला रिकाम्या आणि अर्ध्या स्ट्रिपा सोबत न्या. ॲटोमॉक्सेटीनचा पूर्ण परिणाम दिसायला नियमित घेऊनही चार ते सहा आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. तुम्ही "फरक नाही" एवढंच सांगितलंत तर डॉक्टर मात्रा वाढवतील किंवा औषध बदलतील. "४५ दिवसांत २२ घेतल्या" असं सांगितलंत तर ते वेगळा विचार करतील.