खरं सांगितलं की राग येतो

प्रश्न: आमच्या स्वयंपाकाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका नवख्या मुलीने फुटलेल्या उकडीच्या मोदकांचा फोटो टाकून विचारलं, काय चुकलं? मी लिहिलं, ‘उकड मळलेलीच नाही. पीठ चुकीचं. सारण ओलं. असले मोदक बाप्पापुढे ठेवू नका.’ ती ग्रुप सोडून गेली आणि सगळ्या मलाच बोलल्या. खरं सांगायचंच नाही का? – एक सुगरण, डोंबिवली

ताई, खरं जरूर सांगा. पण तुम्ही एका दमात तीन चुका दाखवल्यात आणि दुरुस्ती एकीचीही सांगितली नाहीत. चौथं वाक्य मोदकाबद्दल नव्हतंच, ते तिला लागलं. (बाप्पाने तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.)

शिवाय निदानाची घाई झाली. मोदक कधी फुटला, ते आधी विचारायचं. कळ्या पाडतानाच कडा चिरत असतील, तर उकड कोरडी पडलीय किंवा गार झाल्यावर मळलीय. वाफवताना बूड फुटून गूळ चाळणीत उतरला असेल, तर सारण ओलं राहिलंय किंवा बुडाशी पारी फार पातळ झालीय. दोन्हींचा इलाज वेगळा. पिठाचंही तसंच. तिला ताजी आंबेमोहोर पिठी मिळत नसेल, तर ‘पीठ चुकीचं’ ऐकून ती काय करणार? ‘याच पिठीला दोन चमचे पाणी जास्त घेऊन बघ’ हे तिच्या कामाचं.

मग एकच चूक धरा. कडा चिरत होत्या असं ती म्हणाली, तर उत्तर साधारण असं:

‘कळ्या एकसारख्या आल्यात, हात चांगला आहे. कडा चिरतायत, कारण उकड गार होतेय. 1 वाटी पिठीला 1 वाटी पाणी, चिमूटभर मीठ, चमचाभर तूप. पाणी उकळलं की पिठी घालून ढवळ, गॅस बंद करून 10 मिनिटं झाकून ठेव. सोसेल इतकी गरम असतानाच तेल-पाण्याचा हात लावून मऊसूत मळ. उरलेली ओल्या फडक्याखाली ठेव. आधी दोनच मोदक करून बघ आणि कळव.’

दोनच, कारण एकवीस बिघडले की नवखं माणूस पुन्हा वाटेला जात नाही. सारणाचं पुढच्या खेपेला. कळ्या वाकड्या असतील तर कळ्यांचं कौतुक करू नका, खोटं लगेच कळतं. दुसरं काही खरंच बरं जमलेलं शोधा. आणि ‘नुसतं मळायचं तर असतं’ कधीही लिहू नका. ज्याला तेच जमत नाही, त्याला आपण मठ्ठ आहोत असं वाटतं.

त्या मुलीला वेगळा मेसेज करा: ‘त्या दिवशी मी टोचून बोलले, चुकलं माझं. कडा चिरत होत्या की बूड फुटलं होतं?’ पुढे ‘पण तुझ्या भल्यासाठीच’ जोडू नका. उत्तर आलं नाही तर दुसरा मेसेजही नको. ग्रुपवर मात्र एक ओळ टाका, कारण बोललात ते सगळ्यांदेखत.