सोमवारी तासगावला जाऊ नका

सप्रेम नमस्कार.

विश्रामबागेतील फ्लॅट, त्याच्या हप्त्यांत गेलेला आपला पगार, स्वयंपाकघरातील ट्रॉल्यांचा खर्च, सासूबाईंच्या लॉकरमधील दागिने आणि ‘घटस्फोटात अर्धे घर मिळेल ना’ हा प्रश्न, यांवर आपण चार पाने लिहिली आहेत. माहेरची गोष्ट मात्र ताजा कलमात एका ओळीत उरकली आहे: ‘सोमवारी तासगावला बाबांच्या द्राक्षबागेवरचा हक्क सोडून देणार आहे, म्हणजे उद्या हे जमिनीत वाटा मागणार नाहीत, असे दादा म्हणतो.’ मला बोलायचे आहे ते या ओळीविषयी, आणि थोडे रागावूनच.

फ्लॅटचे आधी सांगते, कारण ते लवकर संपते. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात लग्नानंतरची कमाई निम्मी-निम्मी वाटण्याची तरतूद नाही. गोव्यात नागरी कायदा वेगळा असल्याने तिथे तशी कल्पना आहे, सांगलीत नाही. पतीच्या मालमत्तेत पत्नीला वाटा देऊ पाहणारे विधेयक 2013 मध्ये राज्यसभेत मंजूर झाले आणि पुढे बारगळले. फ्लॅट एकट्या यजमानांच्या नावावर आहे, तेव्हा आपल्या खात्यातून गेलेले हप्ते बँकेच्या उताऱ्यांनिशी आपल्यालाच सिद्ध करावे लागतील. दागिन्यांचे तसे नाही. ते आपले स्त्रीधन आहे आणि सासरी ठेवायला दिल्याने त्याची मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्येच स्पष्ट केले आहे. पावत्या आणि लग्नातील फोटो वकिलांकडे द्या.

आता दादाची भीती. ज्या कारणाने यजमानांच्या फ्लॅटमध्ये आपला वाटा आपोआप निर्माण होत नाही, त्याच कारणाने आपल्या जमिनीत त्यांचाही होत नाही. बाबांनी स्वतः घेतलेल्या त्या जमिनीवर 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार आपला आणि दादाचा हक्क सारखा आहे. वडिलोपार्जित असती, तरी 2005 च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. वारसाने आलेला हा हिस्सा पूर्णपणे आपल्या मालकीचा आहे. पोटगी ठरवताना न्यायालय दोघांचेही उत्पन्न आणि मालमत्ता पाहील, पण घटस्फोट झाला म्हणून जमिनीची वाटणी करून यजमानांना तुकडा देणार नाही. इतकेच काय, आपल्याला मूलबाळ नाही, त्यामुळे मृत्युपत्राशिवाय आपले काही बरेवाईट झाले, तरी वडिलांकडून आलेली जमीन पतीकडे न जाता वडिलांच्या वारसांकडे, म्हणजे दादाकडेच, परत जाते. मग हक्कसोडीने जमीन नक्की कोणापासून वाचणार आहे? बागेच्या औषधाच्या बाटलीचाही हिशोब दादा वहीत लिहून ठेवतो, असे आपणच कौतुकाने लिहिले आहे. अशा माणसाने बहिणीला सही करायला सांगण्यापूर्वी वकिलाला एकदाही विचारले नसेल, हे मला पटत नाही.

हक्कसोडपत्र एकदा नोंदले की ते फिरवणे महाकठीण असते. फसवणूक झाली हे सिद्ध करण्यासाठी सख्ख्या भावाविरुद्ध दावा लावावा लागेल, आणि आपल्याला सध्या एक दावा पुरेसा आहे. घर, नवरा आणि पगाराची पुंजी हातून जात असताना निर्विवाद आपली असलेली एकमेव मिळकत आपण प्रेमापोटी देऊन टाकायला निघाला आहात.

दादाला आजच फोन करा. घटस्फोटाचा निकाल लागेपर्यंत कोणत्याही कागदावर सही करणार नाही, एवढेच सांगा आणि कारणे देत बसू नका. मग सातबारा काढून वारस म्हणून आपले नाव लागले आहे का ते पाहा. नसेल, तर तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्या. दादा रुसेल. रुसू द्या.