माळव्याच्या (भाजीपाल्याच्या) बाजाराविषयी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

कोल्हापुरात बिऱ्हाड केल्यापासून भाजीसुद्धा मोबाइलवरून मागवण्याची सवय लागली, असे तुझ्या पत्रातून कळले. त्या सोयीला मी नावे ठेवणार नाही; पण रविवारी लक्ष्मीपुरीत आठवडी बाजार भरत असताना घरी बसणे मला पटत नाही.

प्रकृतीचे आधी सांगतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला रोज किमान ४०० ग्रॅम फळे-भाज्या सांगते, म्हणजे एकट्या जीवाला आठवड्याला जवळजवळ पावणेतीन किलो. मोबाइलवर आपण फिरून फिरून त्याच चार भाज्या मागवतो. बाजारात शेपू, चाकवत, अंबाडी, पोकळा समोर दिसतात, म्हणून घेतल्या जातात. शिवाय पालेभाजीतील क जीवनसत्त्व तोडणीपासूनच घटू लागते, त्यामुळे पहाटे खुडलेली पेंडी आणि तीन दिवस गोदामात पडलेली पेंडी गुणाला सारखी नसते.

मात्र भाबडेपणा नको. बाजारातले सगळेच माळवे आसपासच्या रानातले नसते; पुष्कळ विक्रेते ते मार्केट यार्डातील सौद्यात घेतात, आणि त्यात गैर काहीच नाही. पण जिच्या बुट्टीत दोन-तीनच प्रकार असतात आणि मुळांना ओली माती असते, ती बहुधा स्वतःच्या रानातले आणते. कोणत्या गावाहून आलात, फवारणी कधी केली, हे सरळ विचारावे. गावठी म्हणजे निर्धोक असे नव्हे. भाजी धुऊनच घ्यावी.

मी अनेक वर्षे एकाच मावशींकडून मेथी-शेपू घेतो. एकदा मी उचललेली पेंडी त्यांनी माझ्या हातातून काढून घेतली. "ही नगा, कालची हाय," म्हणाल्या आणि बुट्टीच्या तळातली दिली. २०१९ च्या महापुरात त्यांचे रान पाण्याखाली गेले, तेव्हा आम्ही चार-पाच गिऱ्हाइकांनी बियाण्यासाठी थोडे पैसे आगाऊ दिले. ते त्यांनी पुढे भाजीतच फेडले, आणि हिशेब आमच्यापेक्षा त्यांच्याच लक्षात होता. मी आजारपणात दोन रविवार गेलो नाही, तर शेजाऱ्यांच्या आधी चौकशी त्यांनी केली.

येत्या रविवारी नऊच्या आत जा, कारण ऊन चढले की पालेभाजी मान टाकते. कापडी पिशवी आणि सुटे पैसे जवळ ठेव, आणि पाच रुपयांसाठी पहिल्याच दिवशी घासाघीस करू नकोस.

तुझा हितचिंतक