सोलापुरात महिन्याला ३०० युनिट वापर आहे, पाच किलोवॅटचं सोलर बसवावं का?

पाच नको. दोन पुरेल, फार तर तीन. आणि पॅनेलचा आकडा ठरवायच्या आधी घरातले पंखे बदला.

तुम्ही लिहिलंय की चार पंखे जवळजवळ दिवसभर चालतात, अंघोळीला गिझर आहे, उन्हाळ्यात एसी घ्यायचा विचार आहे आणि विक्रेता म्हणतोय, "पाच किलोवॅट टाका, वीज कायमची फुकट." मी सोलापूरच्या पूर्व भागात मोटार रिवाइंडिंग आणि वायरिंगची कामं करतो. पॅनेल विकत नाही, त्यामुळे तुम्ही काय घेता यात माझा काही फायदा-तोटा नाही.

पंख्यांचा हिशोब करू. जुना साधा पंखा साधारण ७५ वॉट खातो. चार पंखे रोज १४ तास म्हणजे महिन्याला सव्वाशे युनिट. बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या डीसी मोटारीचा पंखा तेवढाच वारा ३० वॉटच्या आसपास देतो, म्हणजे तेच काम पन्नासेक युनिटात. पंचाहत्तर युनिट इथेच वाचले. आता यातली गंमत बघा. महावितरणचे दर टप्प्यांचे आहेत आणि १०० युनिटच्या पुढे दर जवळपास दुप्पट होतो. वापर कमी केला की आधी वरचे, महागाचे युनिट गळतात. त्यामुळे चार पंख्यांचे पैसे साधारण वर्षभरात सुटतात. सोलरला तेवढ्यासाठी काही वर्षं लागतात. एक काळजी घ्या, बीएलडीसी पंख्याला भिंतीवरचा जुना रेग्युलेटर चालत नाही, तो बायपास करून घ्यावा लागतो. बऱ्याच घरांत तो तसाच ठेवतात आणि मग पंख्यालाच नावं ठेवतात.

गिझरचं म्हणाल तर, १०० लिटर पाणी वीस अंशांनी तापवायला सव्वादोन युनिटच्या वर वीज लागते. रोजचं म्हणजे महिन्याला सत्तर. सोलापूरच्या उन्हात पाणी तापवायला वीज जाळणं मला तरी पटत नाही, सोलर वॉटर हीटर बसवा. फक्त बोअरचं पाणी सोडत असाल तर नळ्यांत क्षार साचतो, अधूनमधून साफ करावा लागेल.

एसी घेण्याआधी एक उन्हाळा मोठ्या कूलरवर काढून बघा. आपली एप्रिल-मेची हवा कोरडी, त्यामुळे वाळ्याचा पडदा किंवा हनीकोंब पॅड असलेला कूलर इथे मस्त चालतो. तो दोनशे वॉटच्या आसपास घेतो. दीड टनी एसी पूर्ण चालताना त्याच्या सहा-सात पट. अडचण पाण्याचीच. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणार असेल तर कूलरची टाकी भरायची कुठून, हे तुमच्या पेठेतल्या पाण्यावर ठरेल. वरच्या मजल्याच्या स्लॅबवर पांढरा उष्णतारोधक रंग किंवा निदान चुन्याचा हात फिरवा, संध्याकाळी खोली तापायची बरीच कमी होते.

एवढं केलंत की वापर १७५ ते २०० वर येईल. आता सोलर. आपल्याकडे एक किलोवॅट वर्षभराच्या सरासरीने दिवसाला चार युनिट देतो. दोन किलोवॅटचे महिन्याला २४० झाले, घर भागलं. पाचचे होतील ६००. जास्तीचे युनिट नेट मीटरमध्ये (दिलेली आणि घेतलेली वीज दोन्ही मोजणारं मीटर) पुढच्या महिन्यांत वळते होतात, पण आर्थिक वर्ष संपताना जे उरतील त्यांना मिळणारा दर तुम्ही भरता त्यापेक्षा बराच कमी असतो. शिवाय २०२४ मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटला ६० हजार आणि तीनला ७८ हजार अनुदान आहे. तीनच्या वर कितीही घेतलं तरी ७८ हजारच. म्हणजे चौथा आणि पाचवा किलोवॅट पूर्ण तुमच्या खिशातून. पुढे इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायची असेल तर तीन घ्या. आणि "फुकट" म्हणाल, तर स्थिर आकार शून्य वापरावरही येतोच.

सोलापुरात ऊन भरपूर म्हणून मे महिन्यात सगळ्यात जास्त वीज मिळेल असं लोक धरून चालतात. पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नको. त्यावर लिहिलेला वॉटचा आकडा पॅनेल २५ अंशांवर असताना मोजलेला असतो आणि वरच्या दर अंशाला साधारण ०.३५ टक्के घट होते. बाहेर ४३ असताना पॅनेल ६५ च्या घरात तापतं, म्हणजे १४ टक्के तिथेच गेले. म्हणून पॅनेल पत्र्याला चिकटवून घेऊ नका, खालून वारा खेळू द्या. तोंड दक्षिणेला आणि उतार पंधरा-अठरा अंशांचा, कारण सोलापूर साडेसतरा अंश अक्षांशाच्या जरा वर आहे. टाकीची किंवा शेजारच्या जिन्याची सावली एका पॅनेलवर जरी पडली तरी पूर्ण ओळीचं उत्पादन पडू शकतं, हे सकाळी आणि दुपारी उभं राहून स्वतः बघा.

धूळ पुसायची ती पहाटे, थंड पॅनेलवर. बोअरचं पाणी वापरून तसंच वाळू दिलं तर पांढरे डाग बसतात. कारखान्याजवळ राहत असाल तर गळीत हंगामात चिमणीची काजळीही येणार, तेव्हा जास्त वेळा पुसा.

स्ट्रक्चरवर पैसे वाचवू नका. वळवाच्या वाऱ्यात शेडचे पत्रे उडताना तुम्हीही पाहिले असतील. पाय स्लॅबमध्ये नीट अँकर केलेले हवेत, अर्थिंग आणि लाइटनिंग अरेस्टर (आकाशातली वीज जमिनीत उतरवणारा) वेगळे हवेत, आणि हे सगळं कोटेशनमध्ये लिहून घ्या.

आणखी एक, जे विक्रेते सहसा सांगत नाहीत. लाइट गेली की साधं ग्रिडवालं, म्हणजे बॅटरीशिवाय महावितरणच्या लाइनला जोडलेलं सोलर भर दुपारीही बंद पडतं. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ते मुद्दाम तसं केलेलं असतं. तेव्हा घरात इन्व्हर्टर-बॅटरी असेल तर ती भंगारात घालू नका.