बेळगावात एक दिवस मोकळा आहे. गोकाकचा धबधबा वगैरे नको, गावातलंच जुनं, फारसं कुणाला ठाऊक नसलेलं काय पाहावं?

किल्ल्यापासून सुरुवात करा. लोक खंदकापाशी फोटो काढतात नि परत फिरतात, आत जातच नाहीत. आत कमल बस्ती आहे, रट्ट राजघराण्याच्या काळातलं, 1204 चं जैन मंदिर. मंडपात उभं राहून मान वर करा: छतातून दगडाचं कमळ उलटं लोंबतंय, पाकळीवर पाकळी. डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबा, मग कोरीव काम दिसायला लागतं. गाभाऱ्यात तीर्थंकर नेमिनाथ. तिथून जवळच आदिलशाही सरदार असदखानाने बांधलेली साफा मशीद; तिच्यावर फारसी शिलालेख आहे.

मग टिळकवाडीत काँग्रेस विहीर. 1924 च्या डिसेंबरात इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी अध्यक्ष झाले ते या एकाच अधिवेशनाला. जमलेल्या लोकांच्या पाण्याची सोय म्हणून ही विहीर खणली. रोज तिच्यावरून जाणाऱ्या कितीतरी बेळगावकरांनी आत डोकावलेलं नाही, हे आपलं आमचं कौतुक!

रिसालदार गल्लीत विवेकानंद 1892 मध्ये उतरले होते, ते घर आता स्मारक आहे. वेळ उरला तर शहापूर. स्वातंत्र्यापूर्वी ते सांगली संस्थानात होतं, म्हणजे बेळगावला खेटून असूनही राज्य दुसरं. कॅम्पातलं (छावणी भागातलं) सेंट मेरी चर्च बाहेरून पाहिलं तरी चालेल.

गल्ल्यांत गाडी नेऊ नका, पार्किंगला जागा मिळत नाही. आणि कुंदा, म्हणजे इथली दुधाची मिठाई, घ्याल तर ताजाच घ्या.