सीबीसीवरून टायफॉइड लवकर ओळखता येतो का?

चार दिवसांचा ताप, विडाल (टायफॉइडची रक्तचाचणी) निगेटिव्ह, डॉक्टर व्हायरल म्हणतात, आणि सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, काही कळतं का, असं तुम्ही विचारलंय. कळतं. पण वाचणारा हवा.

मी २१ वर्षं नाशकात लॅबमध्ये काढली. एका पावसाळ्यात सिडकोतल्या माझ्या भाच्याचं अगदी असंच झालं. विडाल निगेटिव्ह आली आणि दादानं विषय संपवला. मी सीबीसी पाहिला: पांढऱ्या पेशी ३,९००, प्लेटलेट १ लाख ४० हजार, इओसिनोफिल (ॲलर्जीत वाढणाऱ्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी) ०२ टक्के. ते ०२ मला खटकलं. घाईच्या वेळी न मोजता सवयीनं ०२ टाकणारे हात मी पाहिलेत. पोराला बारमाही सर्दी-शिंका, एरवी त्याचे ७-८ च्या खाली येत नसत. त्या लॅबमधून रक्ताची स्लाइड मागून आणली, तेलाचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजत बसले. २०० पेशी झाल्या, नारिंगी दाण्यांची, म्हणजे इओसिनोफिल, एकही नाही.

टायफॉइडमध्ये असंच होतं. ताप चढत जातो, पण पांढऱ्या पेशी वाढत नाहीत, कधी कमीच होतात, आणि इओसिनोफिल जवळजवळ नाहीसे होतात. विडाल अँटिबॉडी शोधते. त्या तयार व्हायलाच आठवडा-दहा दिवस जातात, म्हणून चौथ्या दिवशीच्या निगेटिव्हला काडीची किंमत नाही. पॉझिटिव्हलाही फारशी नाही, आपल्याकडे धडधाकट माणसांतही ती येते.

मी म्हटलं, दादा, अँटिबायोटिक द्यायच्या आत ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी) पाठव. तो म्हणाला, "तू डॉक्टर आहेस का?" वहिनीनं माझं ऐकलं, डॉक्टरांशी बोलून त्याच संध्याकाळी रक्त पाठवलं. तिसऱ्या दिवशी साल्मोनेला टायफी, टायफॉइडचा जंतू, उगवला. दादा आजही चारचौघांत सांगतो, कल्चरनं पकडलं, हिच्या मोजणीनं नाही. अरे, पण कल्चर पाठवलं कशामुळे?

एक मात्र आहे. डेंग्यूतही पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट उतरतात, स्टेरॉइडनं इओसिनोफिल जातात, आणि लहान मुलांत टायफॉइड असूनही पेशी वाढलेल्या दिसतात. म्हणजे सीबीसी संशय देतो, निदान नाही. कल्चरही बऱ्याचदा चुकतं. तरी लॅबला सांगा, डिफरन्शियल (कुठल्या जातीच्या पांढऱ्या पेशी किती) स्लाइडवर हातानं मोजा. घरातला जुना सीबीसी शोधून जुना-नवा दोन्ही रिपोर्ट डॉक्टरांपुढे ठेवा आणि कल्चर आजच पाठवायचं का ते विचारा. उद्या अँटिबायोटिकची गोळी पोटात गेली की जंतू उगवणं अवघड.