'प्लीज फाइंड एन्क्लोज्ड' की 'एन्क्लोज्ड प्लीज फाइंड'?

एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात काम करणाऱ्या वाचकाने विचारलेला प्रश्न असा. कराराच्या दोन प्रती पाठवताना त्यांनी इंग्रजी पत्रात 'एन्क्लोज्ड प्लीज फाइंड हिअरविथ टू कॉपीज ऑफ दि अ‍ॅग्रीमेंट' असे लिहिले. वरिष्ठांनी सुरुवातीचे तीन शब्द खोडून 'प्लीज फाइंड एन्क्लोज्ड' असे केले आणि पुढचे वाक्य तसेच ठेवले. यांतले बरोबर कोणते, आणि तेच पत्र ईमेलनेही जाणार असेल तर 'एन्क्लोज्ड' लिहावे की 'अटॅच्ड'?

व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही रचना बरोबर आहेत. वरिष्ठांनी जे खोडले त्यात चूक नव्हती. खोडण्याजोगा शब्द होता तो 'हिअरविथ', आणि तो मात्र वाचला. 'हिअरविथ' म्हणजे 'यासोबत'. 'एन्क्लोज्ड' म्हटल्यावर कागद यासोबतच आहे हे सांगून झालेले असते. मराठीत 'यासोबत सोबत जोडले आहे' असे लिहिण्यापैकीच हा प्रकार आहे.

'फाइंड' या क्रियापदावरून बरेच विनोद होतात, कारण 'कृपया शोधा' असा अर्थ कानाला आधी लागतो. इथला अर्थ तो नाही. 'आय फाउंड द डोअर लॉक्ड' या वाक्यात दार कोणी शोधलेले नसते, ते 'बंद आढळलेले' असते. तसेच लिफाफा उघडल्यावर प्रती आत असलेल्या आढळतील, एवढेच इथे म्हणायचे असते. 'प्लीज फाइंड टू कॉपीज एन्क्लोज्ड' ही मूळ रचना, पण कर्म लांबलचक असले की इंग्रजी ते वाक्याच्या शेवटी ढकलते आणि 'एन्क्लोज्ड' आधी येते. 'एन्क्लोज्ड प्लीज फाइंड' मध्ये तेच कृदन्त आणखी पुढे, थेट वाक्याच्या तोंडाशी आणलेले आहे. मात्र 'प्लीज फाइंड दि एन्क्लोज्ड इन्व्हॉइस' असे लिहिले की 'एन्क्लोज्ड' हे इन्व्हॉइसचे साधे विशेषण होते, 'आढळेल' हा अर्थ गळतो आणि वाचणाऱ्याला खरोखरच 'सोबतचे बीजक शोधा' असा हुकूम मिळतो. कार्यालयीन पत्रांत ही चूक वरचेवर दिसते आणि वाक्य सरळ वाटत असल्यामुळे तपासणाऱ्याच्या नजरेतूनही ती निसटते.

तरीही मी या दोन्ही रचना वापरत नाही, आणि त्याचे कारण व्याकरणाबाहेरचे आहे. १९व्या शतकातल्या ब्रिटिश आणि अमेरिकन व्यापारी पत्रव्यवहारात या वाक्यांबरोबर जी मंडळी नांदत होती, ती एव्हाना निवर्तली आहेत. चालू महिन्यासाठी 'इन्स्टंट', गेल्या महिन्यासाठी 'अल्टिमो' आणि पुढच्या महिन्यासाठी 'प्रॉक्सिमो' असे आज कोणी लिहीत नाही. त्या पिढीतले 'प्लीज फाइंड' तेवढे मागे राहिले. ब्रिटनमध्ये अर्थखात्याच्या सूचनेवरून सर अर्नेस्ट गावर्स यांनी १९४८ साली सरकारी लेखनातल्या अशा ठोकळेबाज भाषेविरुद्ध पुस्तिका लिहिली, आणि अमेरिकेत २०१० साली सरकारी मजकूर सोप्या भाषेत असावा असा कायदाच झाला. आपल्याकडे मात्र टंकलेखनाच्या वर्गात जे पत्र एकदा बोटांत बसले, तेच संगणकावरही चालू राहिले.

त्यापेक्षा 'आय एन्क्लोज टू कॉपीज ऑफ दि अ‍ॅग्रीमेंट फॉर युवर सिग्नेचर' असे लिहावे, आणि संस्थेच्या वतीने पत्र असेल तर 'आय' च्या जागी 'वी' घ्यावे. कोण पाठवत आहे, काय, किती आणि कशासाठी, हे सगळे एका वाक्यात येते, आणि कोणाला काही शोधण्याची विनंती करावी लागत नाही. कर्ता नको असेल तर 'एन्क्लोज्ड आर टू कॉपीज' ही रचनाही चांगली. शिवाय ती मराठी माणसाला सोयीची आहे, कारण 'सोबत दोन प्रती जोडल्या आहेत' या आपल्या वाक्याचा क्रम तोच आहे. फक्त क्रियापदाचे वचन सांभाळावे. 'एन्क्लोज्ड इज टू कॉपीज' असे लिहिणारा माणूस मराठीत 'दोन प्रती जोडली आहे' असे कधीच लिहिणार नाही. तेव्हा शंका आली तर वाक्य मनात मराठीत म्हणून पाहावे. आपल्या वाक्यात 'कृपया' नाही, हेही तेव्हा लक्षात येईल. 'कृपया सोबत जोडलेले पाहावे' हे अलीकडे मराठी पत्रांत शिरलेले वाक्य इंग्रजीच्या सावलीतले आहे, त्याची गरज नाही.

पत्राच्या पोटातल्या वाक्याइतकीच, किंबहुना अधिक महत्त्वाची असते ती स्वाक्षरीखालची डावीकडची ओळ : इंग्रजीत 'एन्क्ल.', मराठीत 'सोबत' किंवा 'सहपत्रे'. ही ओळ ज्याला पत्र लिहिले त्याच्यापेक्षा आवक नोंदवहीशी बसलेल्या लिपिकासाठी असते. तो मजकूर वाचत नाही. लिफाफा फोडतो, तळाची ओळ पाहतो, कागद मोजतो आणि शिक्का मारतो. मी एकदा एका कार्यालयाला पाच कागद जोडून अर्ज पाठवला होता, तळाशी ऐटीत 'एन्क्ल. : अ‍ॅज अबव्ह' असे लिहिले होते आणि वर मजकुरात मात्र 'रेलेव्हंट डॉक्युमेंट्स' एवढाच उल्लेख होता. महिन्याभराने उत्तर आले की ताळेबंद मिळालेला नाही. मी तो पाठवला होता हे दाखवायला माझ्याकडच्या स्थळप्रतीत एक शब्दही नव्हता, कारण 'वरीलप्रमाणे' म्हणायला वर काही असावे लागते. तेव्हापासून मी कागदाचे नाव, तारीख आणि पानांची संख्या तळाशी लिहितो, मग वरचे वाक्य कसेही असो.

'अ‍ॅनेक्शर' हा शब्द 'एन्क्लोजर' ऐवजी सर्रास वापरला जातो, तोही थोडा वेगळा काढायला हवा. एन्क्लोजर म्हणजे सहपत्र : पत्राबरोबर प्रवास करणारा, पण पत्रावाचूनही स्वतःच्या पायावर उभा राहणारा कागद, उदाहरणार्थ धनादेश किंवा प्रमाणपत्र. अ‍ॅनेक्शर म्हणजे जोडपत्र : मूळ दस्तऐवजाचाच भाग, ज्याला क्रमांक किंवा अक्षर असते आणि मजकुरात ज्याचा निर्देश त्याच नावाने येतो. सर्वोच्च न्यायालयातल्या याचिकेत याचिकाकर्त्याची जोडपत्रे 'पी-१', 'पी-२' अशी येतात; मुंबई उच्च न्यायालयातल्या वकिलांच्या लेखणीत 'एक्झिबिट ए' असते, आणि आपल्या जिल्हा न्यायालयांत तीच 'निशाणी' होते. तेव्हा तुमच्या कराराच्या प्रती सहपत्रे आहेत, पण त्या कराराच्या शेवटी असलेला दरांचा तक्ता हे त्या कराराचे जोडपत्र.

आता ईमेलकडे. 'एन्क्लोज' म्हणजे चहूबाजूंनी बंदिस्त करणे. शेताला कुंपण घालण्यालाही इंग्रजीत तेच क्रियापद लागते, आणि पत्राच्या बाबतीत ते कुंपण म्हणजे लिफाफा. आपला लिफाफा अरबीतून आलेला, तिथेही मूळ कल्पना गुंडाळण्याचीच आहे. 'अटॅच' म्हणजे टाचणे, अडकवणे. त्यामुळे कागदी पत्रातही टाचणीने लावलेल्या कागदाला 'अटॅच्ड' आणि लिफाफ्यात सुट्या घातलेल्याला 'एन्क्लोज्ड' म्हणणे काटेकोर ठरते. ईमेलला लिफाफा नाही, म्हणून तिथे 'अटॅच्ड'. आज आपण वापरतो त्या पद्धतीने जोडलेली पहिली फाइल अमेरिकन संगणकतज्ज्ञ नेथॅनिएल बोरेनस्टाइन यांनी ११ मार्च १९९२ रोजी पाठवली, तेव्हापासून हा शब्द टाचणीपासून सुटला आणि कागद अडकवायची क्लिप तेवढी चिन्ह म्हणून पडद्यावर उरली. 'प्लीज फाइंड अटॅच्ड' चे 'पीएफए' हे आद्याक्षरी रूप भारतीय कार्यालयांत चालते. परदेशी ग्राहकाला मात्र ते कोडे वाटू शकते, तिथे टाळावे.

तुमच्या बाबतीत पत्र स्वाक्षरीनिशी कुरिअरनेही जाणार आहे आणि त्याची पीडीएफ ईमेलनेही. पत्रात 'वी एन्क्लोज टू कॉपीज' तसेच ठेवावे, कारण ते पत्र लिफाफ्यासाठी लिहिलेले आहे आणि पीडीएफ ही त्याची प्रतिमा आहे. ईमेलच्या मजकुरात मात्र 'आय अटॅच अ स्कॅन ऑफ अवर लेटर. द टू कॉपीज आर कमिंग बाय कुरिअर' असे लिहावे, म्हणजे समोरचा माणूस दोन प्रती ईमेलमध्ये शोधत बसणार नाही.